एका बाराची बंदूक

नाही. एकदा सांगितलं ना, नाही. आणि तू अशी मान खाली घालून बसलीस म्हणून माझं उत्तर बदलणार नाहीये, अबोनेश. मगापासून बघतोय — गुडघे कसे आहेत, भट्टी चालते का, यंदा थंडी फार — अगं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? अंगभर काळं घालून आलीस, परवा बापाला माती दिलीस, आज दुपारी चर्चमागच्या माळावर त्याचा शोक आहे, अर्धं देब्रे बरहान तिथं लोटणार — आणि तू सकाळीच देजेने वेल्डरच्या घरी थंडीबद्दल बोलायला आलीस होय? बंदूक न्यायला आलीस. सरळ सांग. खेचरावर तुझ्या बापाचा, शिबेशीचा झगा घालणार, त्याची टोपी ठेवणार, आणि बंदूक नसली तर लोक विचारणार, अरे हा शोक माणसाचा आहे की मेंढराचा — म्हणून तुला वुजिग्रा पाहिजे. तुझ्या बापाची वुजिग्रा. बघ, मीही तसंच म्हणायला लागलो! माझी. माझी वुजिग्रा. त्यानं विकली, मी घेतली, दोन साक्षीदार होते, दोघंही अजून जिवंत आहेत, जाऊन विचार.

ती बघ, खिडकीशेजारची. उजव्या हाताची. तुला वाटलं असेल म्हाताऱ्यानं एवढ्या सगळ्या कशाला जमवल्यात भिंतीवर — आणि सगळ्या जुनाट, एका बाराच्या. बोल्ट मागं ओढा, एक गोळी घाला, बोल्ट पुढं ढकला, उडवा — संपलं. पुन्हा ओढा, पुन्हा घाला. कुणी म्हणतं, देजेने, आजकाल एवढ्याशा पोरांकडे तीस-तीस गोळ्यांची बंदूक असते, आणि तू हे बांबू काय टांगून ठेवलेस? म्हणू दे. तीस गोळ्या असल्या की माणूस बघत नाही कुठं मारतोय. हिच्यात एक आहे, मग नीट बघावं लागतं. पण मी त्यासाठी नाही जमवल्या. कशासाठी जमवल्या ते सांगत नाही, तुला ऐकायचंही नाहीये, तुला बंदूक पाहिजे आणि जायचंय. माहीत आहे मला. कामापुरता मामा.

कॉफी घे. नाही? उपास. हो, हो, चाळीसाचा उपास चालू आहे, दुपारपर्यंत पाणी नाही. माझ्या घरात आलं की सगळ्यांना उपास असतो, पोरी. ऐन सणाच्या दिवशीसुद्धा उपास असतो! बायको म्हणायची, आपल्या घराइतकं पुण्य चर्चमध्येसुद्धा होत नसेल. असू दे. ती किटली तिथंच राहू दे, थंड होऊ दे.

तुला काय वाटतं, मी कंजूस आहे? अगं, मी दिल्यात. दरवेळी दिल्यात, तीच तर बोंब आहे! ती वरची लांब नळीची बघितलीस? ती मी मेन्झहून आणली, पार वर डोंगरातून, एक कुटुंब तिला मेंढवाड्याच्या दाराला अडसर म्हणून वापरत होतं. अडसर! गंजानं बोल्ट असा धरलेला की आठवडाभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला तेव्हा कुठं हलला. दस्त्याला वाळवी. मी तिला माणसात आणली — आणि टांगून महिना नाही झाला तर तेच लोक दारात. आमचे आजोबा वारले, देजेने, आमची बंदूक दे. आमची! अडसर होती तेव्हा नाही आठवले आजोबा. दिली. काय करणार, मेलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही. परत कशी आली सांगू? शोकाच्या मांडवाचा एक बांबू कमी पडला म्हणून यांनी वुजिग्रा जमिनीत खुपसून वर ताडपत्री ताणली! नळीत वीतभर चिखल, आणि वर म्हणतात, बघा, पावसातसुद्धा हलली नाही. मी म्हटलं, वा, फ्रान्सच्या कारखान्यानं ह्यासाठीच बनवली होती. आणि दुसरी, ती नुसता खिळा आहे ना, तिथली, ती गेली ती गेलीच. मागायला गेलो तर म्हणे, देजेने, घरची वस्तू घरी आली, आता कसली परत? आणि पैसे? त्यावर त्या घरची म्हातारी नुसती हसली. मग मी पण हसलो. काय करतो!

अडव्याच्या दिवशी, गोऱ्यांची फौज हरवली त्या लढाईच्या सणाला, तर विचारूच नकोस. आदल्या दिवसापासून फाटकावर रांग. ज्यांनी विकल्या ते सगळे, झाडून सगळे. मिरवणूक आहे, पणजोबा अडव्याला लढले होते, हातात बंदूक नको का? घ्या, घ्या. आणि मग भिंत रिकामी, नुसते खिळे, आणि मी खाली बसून बघतोय. ज्या दिवशी ह्या बंदुकांचा मान, त्या एकाच दिवशी ज्यानं जमवल्या त्याच्या घरात एक नाही. आणि एकानं — एकानं तरी म्हणावं, चल देजेने, तूही चल. नाही. गाशे, गाशे करत येतात, काका म्हणावं तसं. ह्याच लोकांच्या आया आम्हाला बघून लेकराचं तोंड पदरात झाकायच्या. लोहाराची दृष्ट लागते! तुझ्या आईनं तुझं झाकलेलं मला आठवतंय, तू तीन-चार वर्षांची असशील, आणि तू पदरातून एक डोळा बाहेर काढून बघत होतीस. तसं काही नाही म्हणतेस? बरं, नाही तर नाही. आता शिकलेल्या आहात तुम्ही सगळ्या, आता कुणी तसं मानत नाही. फक्त उपास असतात.

बरं, तू हलतच नाहीयेस तर ऐकच. काढतो मी तिला खाली — देत नाहीये, दाखवतोय. इकडं ये. चापाच्या खालचं हे लोखंड बघ. हात लाव, घाबरू नकोस. तीन टिंबं लागतात बोटाला? तीन, अगदी शेजारी-शेजारी. ही फ्रान्सची नाहीत. ही माझ्या पणजोबाची. तुझा पणजोबा अडव्याला लढला, बरोबर आहे, सगळं गाव सांगतं. माझा पणजोबा त्याच फौजेच्या मागं गाढवावर ऐरण लादून चालला होता, ते कुणी सांगत नाही. कुणाची आतली सुई मोडली, कुणाची स्प्रिंग गेली, कुणाचा दस्ता फुटला — रात्र रात्र भाता हलवायचा आणि सकाळी बंदूक परत. आणि ज्या ज्या बंदुकीला हात लावला तिथं ही तीन टिंबं ठोकायचा, कुणाला दिसणार नाहीत अशा जागी. ही भिंतीवरची एकूण एक बंदूक उलटी करून बघ. सगळ्यांना आहेत. ज्यांना नाहीत त्या मी घेत नाही, फुकट दिल्या तरी नाही. फ्रान्सचा एक संग्रह करणारा आला होता मागं, उंच, हातात भिंग. एकेक बघायचा आणि दुभाष्याला सांगायचा, ही बिघडवलेली आहे, हीसुद्धा बिघडवलेली, कुणीतरी आतला भाग बदललाय, मूळ नाही. मी म्हटलं, साहेब, हा भाग बदलला नसता तर तो माणूस अडव्याहून परत आला नसता, आणि तुम्हीही बहुतेक इथं वेगळ्या कामाला आला असतात. दुभाष्यानं काय सांगितलं कुणास ठाऊक, तो नुसता मान डोलवत राहिला.

तर हे असं आहे. तुम्हाला वाटतं तुमची बंदूक माझ्या भिंतीवर आहे. मला वाटतं माझ्या माणसाचं काम इतकी वर्षं तुमच्या खुंटीवर लटकत होतं. जाऊ दे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझ्या बापाला सोडून.

तुझा बाप! त्याचं नाव काढलंस की माझं डोकं उठतं. हो, मीच काढलं, तेच म्हणतोय. दर अडव्याला यायचा. पण कसा? तिथं, दाराच्या चौकटीला हात लावून उभा. आत नाही. पाऊस असो, वारा असो, उंबऱ्याच्या पलीकडं. आणि तिथून तासभर गप्पा! मेंढरं, जावई, सरकार, तुझी ती नर्सची परीक्षा — तू पास झालीस ते मला तुझ्या मामांच्या आधी कळलं होतं. आणि भांडायचा. म्हणायचा, देजेने, तू तेल जास्त घालतोस, नळी वितळेल. मी म्हणायचो, शिबेशी, तुला अक्कल नाही, लोखंड तेलानं वितळत नाही. मी कॉफीचा कप पुढं करायचो, तो म्हणायचा, आज नको, पोट ठीक नाही. इतकी वर्षं पोट ठीक नाही! एवढं पोट बिघडलेला माणूस ऐंशी वर्षं जगतो कसा? बायको आत कप आपटायची. म्हणायची, हा कसला मित्र तुमचा, बाहेरचा? मी तिच्यावरच चिडायचो. तो निदान थांबायचा तरी. बाकीचे बंदूक घेतली की सुटले. शेवटी ती गेली, तेव्हा तो आला, तिथंच उभा राहिला आणि रडला — चौकटीत उभं राहून ढसाढसा रडला — आणि आत आला नाही. आता ह्याला काय म्हणायचं तूच सांग. राग करू की काय करू?

आणि मग ह्या वर्षी. महिनाच झाला, नाही का? अडव्याचा दिवस. तू होतीस ना मिरवणुकीत? मग तू पाहिलंस. पण त्याच्या आधीचं तुला माहीत नाही. सकाळी आला, काठी टेकत, श्वास पुरत नव्हता. चौकटीला हात लावला. मी भिंतीवरून बंदूक काढायला वळलो आणि मागं खुर्ची सरकल्याचा आवाज. बघतो तर आत! तू बसलीस ना, त्याच खुर्चीवर. म्हणतो, कॉफी कर. मी म्हटलं, शिबेशी, आज उपास आहे, खरा उपास आहे. म्हणतो, देवाशी मी बघून घेईन, तू कर. केली. पहिली प्याला, दुसरी प्याला, तिसरी प्याला, रीतीच्या तिन्ही फेऱ्या पुऱ्या केल्या. मग उठला, बंदूक उचलायला गेला आणि उचलेना. खांद्यापर्यंत येईना. मी म्हटलं, पोराला कुणाला तरी हाक मारतो. तर म्हणतो, कशाला? तू घे. तू धर, मी तुझ्या खांद्यावर हात ठेवतो.

तर मी धरली. मी, देजेने, भर रस्त्यातून, अडव्याच्या मिरवणुकीत, वुजिग्रा उभी धरून. त्याचा हात इथं, ह्या खांद्यावर. कुणी काही बोललं नाही. बोलतील कसे, शिबेशीचा हात होता! बँकेपासून चौकापर्यंत. पोरं बघत होती. एक म्हातारी तर आम्हा दोघांना बघून 'इलिल्लिल्ली' करून ओरडली, आनंदानं. मला आयुष्यात कुणी तसं ओरडलं नव्हतं. तुझा मामा आयालनेह बाजूनं चालत होता, त्याचं तोंड बघायला पाहिजे होतंस, कडू काढा प्यायल्यासारखं. मी मनात म्हटलं, बघ. बघ तू.

म्हणून म्हणतो, नाही. बंदूक हवीय? मग ऐक माझं. पैसे नकोत मला, परत आणायची हमी नको, मांडव ताणा तिच्यावर, काय करायचं ते करा. फक्त आज माळावर ती मी धरणार. खेचरापासून चर्चच्या भिंतीपर्यंत, ललकारी देणारे पुढं धावतात ना, शिबेशी, सिंहाचा बच्चा, वगैरे — ते देतील, मला येत नाही ते, मी गप्प राहीन. नुसती धरीन. जशी महिन्यापूर्वी धरली. त्यानंच सांगितलं होतं, तू धर. बास, एवढंच. काय मागतोय मी? बोल की.

बोल ना, अबोनेश. तू नर्स आहेस, रोज कुणाकुणाला हात लावतेस, तुला तर काही नाही ना त्याचं? मग? मामा. हं. मामा काय म्हणतील. तुला एकटीलाच का पाठवलं तेही मला कळतंय. कुठं आहेत ते? लांब आहेत म्हणू नकोस, मघाशी मी फाटकाला आलो तेव्हाच पाहिले. रस्त्यापलीकडं, निलगिरीखाली, दोघं आणि ते खेचर. बहिणीच्या लेकीला आत धाडलं आणि आपण झाडाखाली! भाचीला दृष्ट लागली तर चालेल, यांना नको.

बरं. धरायचं राहू दे. तू रडतेयस म्हणून नाही म्हणत, माझंच जास्त झालं. त्याच्या शोकात भांडण नको. मी एक पायरी खाली येतो. आयालनेहनं आत यावं. बसू नये, पिऊ नये, काही नको. उंबरा ओलांडून चार पावलं आत यावं आणि माझ्या हातातून बंदूक घ्यावी. म्हणावं, देजेने, दे. मी देतो. एवढं तरी होईल की नाही? तो मेला माणूस शेवटी आत आला, ह्याला काय धाड भरलीय? थांब, तू नको जाऊस. तू बस. मीच हाक मारतो, खिडकी उघडीच आहे.

ओ आयालनेह! अहो आयालनेह! या! आत या, बंदूक तयार आहे!

ऐकू गेलं ना? गेलं. धाकट्यानं इकडं पाहिलं. पुन्हा मारतो. आयालनेह! अहो, या! दार उघडं आहे!

बघ. तू पण बघ, ये इथं. काय करतोय तो? खेचराचा पट्टा आवळतोय. आवळलेलाच पट्टा आवळतोय. ते जनावर कण्हायला लागलंय तरी आवळतोय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना. पाठ फिरवली. झालं.

नको. नको, तू जाऊन विनवण्या करू नकोस. तू कशाला पाया पडतेस त्याच्या? बापाच्या शोकाच्या दिवशी? बस तू. फडकं शोधू दे मला.

...

घे. दोन्ही हातांनी धर, अशी, जड आहे. दस्ता छातीशी, नळी आकाशाकडं. कालच तेल दिलंय, परवा कळलं मला तो गेल्याचं, मग झोप कुठली, काहीतरी करायचं म्हणून सगळ्याच पुसत बसलो. जास्त तेल झालंय बहुतेक. तो असता तर बोलला असता. झग्याला डाग पडेल, फडकं गुंडाळ. हे घे, स्वच्छ आहे.

काय? मी? नाही ग, मी कुठं येतोय. तुझ्याशेजारी बायकांत उभा राहू? काहीतरीच. शाळेचं फाटक द्यायचंय मला संध्याकाळपर्यंत, अर्धं जोडायचं राहिलंय, हेडमास्तर डोकं खातोय. परत कधी आणायची ते आपण नंतर बघू. किंवा नका आणू. घरची वस्तू घरी गेली म्हणेन. नाही, नाही, आणा, त्याचा चाळीस दिवसांचा विधी झाला की आणा, भिंत बरी नाही दिसत. आता पूस डोळे, त्यांच्यासमोर नको रडूस, रडायचं ते माळावर, मोठ्यानं, बापाच्या नावानं. जा. ऊन वर आलं, लोक जमले असतील.

आणि हे बघ — ललकारी देणाऱ्याला सांग, बंदूक उंच धर म्हणावं. खांद्यावर नको, डोक्याच्या वर. चर्चच्या भिंतीवरून, पार खालच्या रस्त्यावरून दिसली पाहिजे, इतकी उंच. — रस्त्यावरून कोण बघणार म्हणून काय विचारतेस? जा म्हटलं ना.